मिनिटाला एकवीस

हिमवादळात सकाळी दहाला वीज गेली. जनरेटर होता, पण ऑक्सिजन आणि ऑपरेशनच्या खोलीपुरताच. अकरापर्यंत आमच्या वॉर्डातल्या सलाईनच्या पंपांच्या बॅटऱ्या बसल्या.

"आता हाताने थेंब मोजायचे," मुख्य नर्स ऑडनी म्हणाली.

हे काम मी पंधरा वर्षांत केलं नव्हतं. चौथ्या खाटेवर एल्मर थॉर्वाल्डसन होते. वय एक्याऐंशी, आयुष्य कॅनडातल्या विनीपेग तळ्याच्या बर्फाखाली जाळी टाकण्यात गेलेलं. जुलाबांनी अंगातलं पाणी गेलं होतं, त्यात हृदय दुबळं. म्हणून डॉक्टरांनी पाचशे मिली सलाईन आठ तासांत, सावकाश द्यायला सांगितलं होतं.

अकराला मी नवीन पिशवी आणि नवीन नळी लावली आणि कागदावर गणित मांडलं. एका मिलीचे वीस थेंब, म्हणजे एकूण दहा हजार. भागिले चारशे ऐंशी मिनिटं. मिनिटाला एकवीस. घड्याळाकडे बघत नळीचं चाक फिरवलं आणि बरोबर एकवीसवर आणलं.

तरी चैन पडेना. इतर खाटांकडे जायची, परत यायची, पुन्हा मोजायची. एकवीसच.

"लॉर्ना, पाचव्यांदा मोजतेयस," ऑडनी म्हणाली. "थेंब काय पळून जातायत?"

"मासे मोजायला नेलं असतं हिला," एल्मर म्हणाले, "तर एकही विकू दिला नसता!" हसता हसता त्यांना खोकला आला.

तो खोकला मला आवडला नाही. बारा वाजले होते. मी पिशवीकडे पाहिलं. तासाभरात साधारण साठ मिली जायला हवं होतं. सव्वाशे गेलं होतं. थेंब बरोबर, आणि पाणी दुप्पट?

कचऱ्याच्या डब्यातून नळीचं वेष्टन काढलं. त्यावर छापलं होतं: एक मिली, दहा थेंब. नेहमीच्या नळ्या संपल्या होत्या, ही दुसऱ्या खोक्यातली होती. मोठ्या थेंबांची. वाचायचं राहिलं होतं ते माझ्याकडूनच.

सलाईन तिथेच बंद केलं आणि ओरडले, "ऑडनी, डॉक्टरांना बोलव! माझं चुकलंय!"

डॉक्टरांनी पाठीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं. फुप्फुसात खाली थोडं पाणी होतं. एल्मरना उठवून बसवलं, ऑक्सिजन लावला, जादा पाणी लघवीवाटे निघावं म्हणून इंजेक्शन दिलं. मी मात्र थांबू शकले नाही. ते खोकं आणखी कुणी उघडलं? धावत सगळ्या खाटा पाहिल्या. सातवर आणि नऊवर तशाच नळ्या. ऑडनीने लावलेल्या, वीसच्याच हिशेबाने. तिने लगेच दोन्ही चाकं बंद केली.

तीनच्या सुमाराला एल्मरचा श्वास मोकळा झाला. मी त्यांच्याजवळ बसून सगळं सांगितलं.

"म्हणजे दुप्पट पाजलंस?"

"हो. माफ करा."

"मला राग आलाय," ते म्हणाले. "पण तू सांगितलंस. आता ती पिशवी पुन्हा लावशील, तेव्हा मला मोठ्याने मोजून दाखव."

ऑडनीने चुकांची नोंद करायच्या कागदावर माझ्या नावाखाली स्वतःचं नाव लिहिलं. डॉक्टरांनी होकार दिल्यावर मी पिशवी पुन्हा लावली, या वेळी मिनिटाला दहावर, खुर्ची खाटेजवळ ओढली आणि मोठ्याने मोजू लागले.