मथळ्याचा फॉन्ट

चूक माझी आहे, हे आधीच सांगून टाकते.

बाबांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. डोळे अधू झाल्यावर त्यांनी दुकानाच्या आठवणी लिहून काढल्या, पानाला सहा ओळी, एवढ्या मोठ्या अक्षरांत. पुस्तकाची मांडणी अर्थात माझ्याकडे, कारण माझा धंदाच तो. "अक्षर ठसठशीत घे गं बाई, मला वाचता आलं पाहिजे," एवढंच त्यांचं मागणं होतं.

आणि मी काय केलं? माझा लाडका फॉन्ट लावला. उभ्या दांड्या जाडजूड, बाकीच्या रेघा केसाएवढ्या. पोस्टरवर असा तोऱ्यात उभा राहतो की बघत राहावं! पण तो मथळ्यांसाठी. लहान केला की बारीक रेघा विरून जातात आणि कुंपणासारख्या नुसत्या दांड्या उरतात. छापखान्यातले काका म्हणालेसुद्धा, "ताई, याच्यात मजकूर नका लावू. वडलांना वाचायचंय ना?" मी म्हटलं, "तुम्ही छापा हो काका." मला ते पुस्तक मांडणीच्या स्पर्धेला पाठवायचं होतं. डोळ्यांपुढे बक्षीस होतं, बाबा नव्हते.

पुस्तक आलं. बाबांनी ते जवळ धरलं, लांब धरलं, खिडकीपाशी नेलं. "वा, झकास!" म्हणाले. आणि मी मेली खूश झाले.

रविवारी वाचनालयात पंधरा-वीस जणांसमोर त्यांनी त्यातलं वाचून दाखवलं. महिनाभर याच दिवसाची वाट बघत होते. पहिलं गिऱ्हाईक, विहिरीत पडलेलं घड्याळ, सगळं घडाघडा, कुठे अडखळणं नाही. चला, निभावलं, मी मनात म्हटलं.

मग पान उलटून ते म्हणाले, "कामात माझी मान वर होत नसे. दुपारी ही यायची, हातातला चिमटा काढून घ्यायची. म्हणायची, आता पाच मिनिटं लांबचं बघा. समोर तर भिंत! मग मी हिच्याकडेच बघत बसायचो."

लोक हसले. हा मजकूर पुस्तकात नव्हताच. चार ओळी पुढच्या पानावर जात होत्या, पान बेढब दिसत होतं, म्हणून मी त्या उडवल्या होत्या. बाबांना विचारलंही नाही. आई जाऊन सात वर्षं झाली, आणि पुस्तकभर ती तेवढीच होती.

बाबा मात्र त्या पानावरून बोट फिरवत होते, ओळीमागून ओळ. सगळं पाठ केलं होतं त्यांनी. मला वाईट वाटू नये म्हणून.

टाळ्या झाल्या. पुढच्या रांगेतले एक आजोबा पुस्तक घेऊन आले. "ते वहिनींचं पान कुठलं हो? घरी वाचून दाखवतो."

"अगं, काढून दे ना त्यांना," बाबा म्हणाले.

"बाबा, ते नाहीये. मी काढून टाकलं."

"काढलं? असं कसं? आत्ताच तर वाचलं मी!"

आणि त्यांनी पुस्तक सगळ्यांदेखत पार नाकाला टेकवलं आणि ते पान शोधू लागले.