अठराचं ॲव्हरेज

माझी बायको प्रेमला गेली आणि महिन्याभरातच आमच्या मुलीने, निकिताने, गाडी काढून टाकायचा विषय काढला. सोसायटीत पार्किंग एकच, आणि तिची नवी इलेक्ट्रिक गाडी येऊ घातलेली.

"बाबा, ही लिटरला बारा देते. तेही तिचा मूड असेल तर. परवा वारज्याच्या पुलावर अडकलात, मी ऑफिस सोडून आले."

मी किल्ली खिशात टाकली. तेव्हा ती म्हणाली, "अठराचं ॲव्हरेज देऊ दे, मग ठेवू. डील."

हा टोमणा आहे हे न कळायला मी काही काल पुण्यात आलेलो नाही. पण शब्द तो शब्द. मी म्हटलं, "ठरलं."

गाडी आमची पहिली आणि शेवटची. सेकंडहँड घेतली तेव्हा निकिता रांगत होती. साताऱ्याला सासुरवाडीला निघालो की कात्रजच्या घाटात ती हमखास मान टाकायची. हँडब्रेक धरत नसे, म्हणून मी ब्रेकवर पाय रोवून बसायचो आणि प्रेमला उतरून चाकामागे दगड लावायची. तो दगड तिने खडकवासल्याहून पारखून आणला होता, डिकीतच असायचा. मागचे हॉर्न मारायला लागले की पदर खोचून त्यांना सांगायची, "फारच घाई असेल तर धक्का द्या, सगळेच लवकर पोचू." लोक निमूट उतरून धक्का द्यायचे. मला तेव्हा लाज वाटायची. आज त्या खोळंब्यासाठी मी काय वाटेल ते देईन.

ती गेल्यापासून घर मुकं झालं होतं. तिचे कपडे, औषधं, सगळं तिच्या बहिणींनी आवरून नेलं. गाडीत बसलं की मात्र डावीकडून ऐकू यायचं, "अहो, गिअर बदला, ओरडतेय ती." वेड लागलंय म्हणा हवं तर. मला गाडी नको होती, मला ते हवं होतं.

म्हणून कामाला लागलो. प्लग बदलले, एअर फिल्टर नवा घातला, चाकांत हवा नीट ठेवली. सिग्नलला इंजिन बंद करायला लागलो. टाकी फुल करायची, खडकवासल्याला फेऱ्या मारायच्या, पुन्हा फुल करून ॲव्हरेज काढायचं. चौदा आलं. तिथेच अडलं.

गॅरेजवाल्या समाधानने डिकी उघडली आणि म्हणाला, "काका, संसार घेऊन फिरताय. वजन कमी करा की."

खरंच होतं. चटई, पाण्याचा कॅन, तिची छत्री, तो दगड, सगळं बाहेर काढलं. पंधरा. मग मागचं सीट काढलं. सोळाच्या वर गेलं. मला चेवच चढला. अठरा आलं की निकिताचं तोंड बंद आणि गाडी माझी, एवढंच डोक्यात होतं. एका रविवारी पाना घेऊन बसलो आणि पुढचं डावीकडचं सीटही काढलं. कुणी बसत नव्हतंच त्यावर.

पुढच्या टाकीला ॲव्हरेज निघालं, अठरा.

निकिताला खाली बोलावलं. हिशेब ऐकून ती हसली. आई गेल्यापासून पहिल्यांदाच.

"मानलं तुम्हाला. ठेवू या गाडी. चला, मला एक राउंड मारून आणा."

मी स्टिअरिंगवर बसलो. तिने डावीकडचं दार उघडलं आणि तशीच उभी राहिली. आत उघडा पत्रा होता आणि बोल्टांची भोकं.

"बाबा, बसू कुठे?"

मी तिकडे पाहिलं. इतके दिवस गाडी चालवत होतो, पण नजर रस्त्यावर आणि पेट्रोलच्या काट्यावर. डावीकडून कुणी काही बोललं नव्हतं, हे मला आत्ता कळलं. कधीपासून बोललं नव्हतं, तेही आठवेना.

निकिताने माझ्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "सीट आहे कुठे? आपण परत बसवू या. बारा देऊ दे, दहा देऊ दे."

"भंगारवाल्याला दिलं."

तिने दार हळूच लावलं. मी गाडी बंद केली, उतरलो आणि किल्ली तिच्या हातात ठेवली.

"तुझी गाडी लाव इथे," मी म्हटलं.