कँटीनमधलं डोहाळजेवण

"ती गरोदर आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं. काम जमेना, म्हणून काढलं," असं कंपनीनं रक्षिताच्या दाव्यात कामगार न्यायालयात लिहून दिलं.

तिच्या वकीलबाई म्हणाल्या, "त्यांना माहीत होतं, हे सांगणारं कुणीतरी हवं."

कंपनीतल्या बायकांच्या नोकऱ्या जातील, म्हणून रक्षितानं कुणाला विचारलंच नाही. तारखेला ती तान्ह्या लेकीला घेऊन एकटीच बाकावर बसली.

आणि तेजस्वी आली. शेजारच्याच मशीनवरची, अजून नोकरीत असलेली.

"तू कशाला आलीयास? तुलाबी काढतील की."

"काढू देत. कँटीनमध्ये तुझं डोहाळजेवण आम्हीच केलं. सायबानं लाडू मागून खाल्ला, आन् आता म्हाईत न्हाय व्हय?"

तेजस्वीनं बाकावर टेकत हात पुढे केले.

"आण हिकडं माझ्या भाचीला. तू जेवलीयास का?"

पुकारा झाला, तेव्हा लेक तेजस्वीच्या मांडीवर गाढ झोपली होती.