मागच्या दाराची वाट

आमच्या ह्यांना जमिनीवरचं सगळं वाचता येतं; माणसाच्या चेहऱ्यावरचं तेवढं येत नाही. लग्न झाल्यापासून मी हे म्हणत आलेय आणि ह्यांनी ते एका कानानं ऐकून दुसऱ्या कानानं सोडून दिलंय.

रस्ते खात्यातून निवृत्त झाले आणि घरात बसून माझ्या कामात खोडी काढू लागले. भांडी अशी का लावतेस, दार असं का लोटतेस. शेवटी मीच ह्यांना ओढ्यावर पिटाळलं. आमच्या घरामागे उतार आहे आणि उताराखाली ओढा. वर्षानुवर्षं तिथे नुसता झाडोरा आणि लोकांनी फेकलेल्या जुन्या गाद्या. वसाहतीतल्या काही उत्साही मंडळींनी ठरवलं, की काठाकाठानं चालायला वाट करायची, आणि तीही आपल्या हातांनी. पुढाकार एका दंतवैद्य बाईंचा. हे पहिल्या रविवारी नुसते बघायला म्हणून गेले आणि परतले ते चिखलानं माखून, सगळ्यांना कुदळ कशी धरायची ते शिकवून. तेव्हापासून ह्यांचं नाव 'मुकादम' पडलं. घरातली मुकादमी तिकडे गेली, मला बरंच झालं.

खोटं कशाला बोलू, वाट सुरेख झाली. ती सरळ खाली उतरत नाही, वळण घेत आडवी उतरते. म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही दम लागत नाही. "पाण्याला सरळ उतार मिळाला की ते माती घेऊन पळतं," हे सांगायचे. "म्हणून वाट नेहमी आडवी काढायची. कुणी मधूनच सरळ चढायला लागलं की चोरवाट पडते, चोरवाटेची घळ होते, आणि घळीबरोबर आपली वाट जाते ओढ्यात." समोरचा जांभई देईपर्यंत हे चालायचं.

आणि एक चोरवाट पडलीच, तीही नेमकी आमच्या घरामागे. पलीकडे जायला ओढ्यात मोठे दगड टाकलेले आहेत. तिथून निघून, ह्यांची लाडकी वाट ओलांडून, ती सरळ उतार चढत आमच्या कुंपणाच्या फाटकापाशी यायची. कुंपणाला लागून बसथांब्याकडे जाणारी गल्ली आहे. त्यामुळे ह्यांचा तर्क असा, की पलीकडचा कुणीतरी बस गाठायला इथून चढतो.

"एकच माणूस आहे," जेवताना हे म्हणाले. "अंगानं जड. डावी टाच घासत चालतो. सकाळी येतो आणि थोड्या वेळानं त्याच वाटेनं परत जातो."

"बसला जाणारा लगेच परत कशाला येईल?"

"बस चुकत असेल."

"रोज?"

"असतात अशी माणसं," म्हणाले आणि पाणी प्यायले.

मला हसू आवरेना, म्हणून मी ताट उचलायच्या निमित्तानं उठले. कारण तो अंगानं जड, डावी टाच घासणारा माणूस त्याच दिवशी सकाळी माझ्या ओट्याशी उभा राहून चहा पिऊन गेला होता. तो ह्यांचा सख्खा धाकटा भाऊ.

दोघा भावांचा अबोला सासूबाई गेल्या तेव्हापासूनचा. शेवटी शेवटी त्यांना घरी यायचं होतं. भाऊजी म्हणाले, आणू या. हे म्हणाले, इस्पितळातच राहू दे, बरी होईल. थोरल्याचं चाललं, आणि सासूबाई नळ्यांच्या गुंत्यातच गेल्या. सगळं आटोपल्यावर भाऊजी चारचौघांत म्हणाले, "तू आईला घरी येऊ दिलं नाहीस." ते ह्यांच्या वर्मी लागलं. "माझ्या दारात पुन्हा पाऊल ठेवू नकोस," हे म्हणाले. दोघांचंही खरं होतं, दोघंही चुकले होते, आणि एकाच आईचे असल्यामुळे हट्टालाही सारखेच. मग वर्षं गेली. जाऊबाई गेल्या, पुतण्या नोकरीला दूरच्या शहरात, आणि भाऊजी ओढ्यापलीकडे एकटे. मध्ये एकदा जिन्यावरून पडले, हाड नीट जुळलं नाही, तेव्हापासून टाच घासते. हे सगळं अबोल्यातलं. ह्यांना ते माहीत असायचं काही कारणच नव्हतं.

ओढ्याकाठची वाट झाल्यावर एका सकाळी हे वाटेच्या पार दुसऱ्या टोकाला पाहणीला गेलेले असताना मागच्या दारावर टकटक झाली. दार उघडते तर भाऊजी.

"दादा दारात पाऊल ठेवू नको म्हणाला होता," ते म्हणाले. "मागच्या दाराचं काही बोलला नव्हता."

हसावं की रडावं मला कळेना. मी चहा टाकला.

मग ते रोजचंच झालं. चहा, दोन बिस्किटं, आणि "दादाचा रक्तदाब कसाय? गोळ्या वेळेवर घेतो ना?" हे परत यायच्या आत कप विसळून जागेवर. 'मी सांगते ह्यांना' म्हटलं की भाऊजी हात जोडायचे. "तू नको सांगूस वहिनी. तू सांगितलंस तर तो म्हणणार, बायकोनं समेट घडवला. माझं मी बघतो." त्यांनी बेतही आखला होता. ओढ्यातल्या दगडांच्या जागी लाकडी साकव व्हायचा होता, आणि दोन्ही काठांना दगडी बांधकाम लागणार होतं. आमचे सासरे, म्हणजे अण्णा, गवंडी. दगड कसा बसवायचा ते त्यांनी दोघाही पोरांना हाताला धरून शिकवलेलं. "एका काठाला दादा असेल, तर दुसऱ्या काठाला गवंडी लागेलच ना?" भाऊजी म्हणायचे. "मी थापी घेऊन उभा राहीन. सगळ्यांच्या देखत काय हाकलून देणार आहे मला?" हे बोलताना त्यांचा चेहरा शाळकरी पोरासारखा व्हायचा. मीही त्या साकवाकडे डोळे लावून बसले.

इकडे ह्यांचं युद्ध चालूच. हे छाटलेल्या फांद्या आणून चोरवाटेवर टाकायचे, मी सकाळी त्या बाजूला सारायची. मग हे काटेरी फांद्या आणायचे, मी हातात फडकं गुंडाळून त्याही सारायची. माझ्या चपलांचे ठसे ह्यांना कधी दिसले नाहीत. घरातल्या माणसाकडे कोण बघतं!

"कोण आहे हा हरामखोर?" हे चिडायचे.

"अहो, मग एकदा थांबा ना सकाळी तिथेच. बघा कोण आहे, विचारा त्याला."

"चालणाऱ्याला काय विचारायचं? वाट दिसली की माणूस चालतो. वाट दिसताच कामा नये."

मुकादम ते.

मग लेकीचं बाळंतपण आलं आणि मी तिच्याकडे गेले. जाताना भाऊजींना सांगितलं, की मागच्या पायरीवरच्या कुंड्यांना तेवढं पाणी घाला. ह्यांना ते आठवणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. तिकडून मी ह्यांना फोनवर विचारायची, "कुंड्या कशा आहेत?" हे म्हणायचे, "मी विसरतोच गं पाणी घालायला, पण टवटवीत आहेत. उगाच तू रोज घालत बसतेस." मी आणि लेक पोट धरून हसायचो.

एका संध्याकाळी ह्यांचा आवाज फारच खुशीत होता. "चोरवाट संपवली. आता तिथे वाट होती असं सांगूनही कुणाला पटायचं नाही. माती उकरून झुडपं लावली. दगड एवढाले, सगळ्यांनी मिळून वाहिले, पण बसवले मी एकट्यानं. अर्ध्याहून जास्त जमिनीत. जन्मापासून तिथेच असल्यासारखे दिसतात. अण्णांनी बघितलं असतं तर पाठ थोपटली असती."

ह्यांचा फोन ठेवून मी भाऊजींना लावला. त्यांनी उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्यानंतर ह्यांनीच कधीतरी म्हटलं, "तुझ्या कुंड्या मात्र वाळायला लागल्यात गं."

लेकीला सोडून लगेच निघणं शक्य नव्हतं. परत आले त्या दिवशी पिशवी दारात टाकली आणि मोठ्या रस्त्यावरच्या पुलावरून फिरून भाऊजींच्या घरी गेले. दार उघडंच होतं. आत खोकी बांधून ठेवलेली. पुतण्या त्यांना न्यायला आला होता आणि पंख्याची पाती पुसून कागदात गुंडाळत होता. भाऊजी खुर्चीत बसून होते.

"त्या सकाळी पाणी घालायला आलो होतो," ते म्हणाले. "वाट नव्हतीच. दगडांना हात लावून बघितला. डुगडुगू नये म्हणून दगडाची बारीक कपची मागून ठोकलेली, पुढून दिसत नाही. अण्णांची पद्धत. तसं आम्ही दोघंच करतो, वहिनी. दादानं मागचं दारही बंद केलं."

"अहो, त्यांना ठाऊकच नव्हतं! कुणीतरी परका माणूस बसला पळतोय असं वाटत होतं त्यांना."

भाऊजी हसले, अगदी मायेनं. "चाकाच्या खुणेवरून गाडीत किती माल होता ते सांगणारा माणूस तो. आणि स्वतःच्या फाटकापाशी येणारी वाट त्याला कळली नाही?"

"नाही कळली! शपथ घेऊन सांगते."

"तू आमचं दोघांचं आयुष्यभर झाकत आलीस. आताही झाकतेस. तुझ्यावर माझा राग नाही."

ह्यांचं बोलणं भाऊजींना आणि भाऊजींचं बोलणं सासूबाईंना मी कायम कोपरे घासून पोचवत आले होते. आज पहिल्यांदा जसंच्या तसं सांगितलं, आणि ते कुणी खरं मानलं नाही.

"परवा सकाळी निघतोय," भाऊजी म्हणाले.

घरी येऊन मी ह्यांना सगळं सांगितलं. मागचं दार, चहा, कुंड्या, सगळं. हे मध्येच म्हणाले, "पण डावी टाच? त्याची टाच कशी घासेल?"

"जिन्यावरून पडले होते."

"कधी?"

"झाली की वर्षं."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही कुणाला विचारलं होतंत?"

हे तोंडावर हात धरून बसले. आईच्या वेळी ह्यांच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं. आता हुंदके आवरेनात. मला राग होता, भरपूर होता, पण तो त्या रडण्यापुढे टिकला नाही. मी जवळ बसले.

"उठा. आत्ता जा. काय लांब घर आहे का?"

"बोलून तो ऐकायचा नाही. तू सांगितलंस, ऐकलं का त्यानं? आधी दगड काढतो. वाट मोकळी दिसली की मला काही सांगावंच लागणार नाही."

"अहो, दगडाला काय तोंड आहे का? तोंड तुम्हाला दिलंय, ते उघडा!"

ऐकतात होय! उजाडताच पहार घेऊन उतरले. आणि दगड हलेनात. ह्यांनीच बसवलेले ते. एकात एक असे अडकवलेले, की मागची कपची काढल्याशिवाय पुढचा सुटत नव्हता आणि पुढचा सुटल्याशिवाय मागे हात पोचत नव्हता. फिरायला आलेल्या दंतवैद्य बाई थबकल्या. "मुकादम, हे नुकतंच लावलं ना आपण?" हे म्हणाले, "लावलं. आता काढायचंय." बाईंनी आणखी काही विचारलं नाही, बाह्या सावरून झुडपं उपटू लागल्या. दिवसभरात एक सोडून बाकीचे दगड निघाले. रात्री ह्यांना घास तोंडाशी नेता येत नव्हता, इतके हात भरून आले होते. मी पुन्हा म्हटलं, जा. हे म्हणाले, उद्या सकाळी.

सकाळी मोठा दगड तेवढा उरला होता. "हा एक निघाला की तसाच जातो," म्हणाले. तो निघायला बराच वेळ लागला. निघाला तेव्हा हात न धुता, चिखलाच्या कपड्यांनिशी हे ओढ्यातल्या दगडांवरून पलीकडे गेले. दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, आत्ताच गेले की हो.

रात्री पुतण्याचा फोन आला, नीट पोचलो म्हणून. हे शेजारीच बसलेले, म्हणून मी आवाज मोठा करून ठेवला.

"बाबा दमलेत, झोपलेत," तो म्हणाला. "निघताना म्हणाले, ओढ्यापर्यंत जाऊन येऊ. गेलो दोघं. तर पलीकडे काका पहार घेऊन वाकलेले. मी विचारलं, हाक मारू का? बाबा नको म्हणाले. म्हणाले, तो अजून दगडच बसवतोय."

ह्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. "काढत होतो रे," हे म्हणाले. "काढत होतो मी. सांग त्याला."

पुतण्या म्हणाला, "बरं काका. उठले की सांगतो."

त्यानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्याच वेळेला, भाऊजींचा मला फोन आला. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "वहिनी," ते म्हणाले, "आता माझ्या पोरालाही झाकायला शिकवलंस का?" आणि त्यांनी फोन ठेवला.

हे समोर येऊन उभे राहिले. "त्याचाच ना? काय म्हणाला?"

"येतो म्हणालेत," मी सांगितलं.