पिवळ्या जाकिटाची पाठ

आमच्या वाहिनीच्या सकाळच्या कार्यक्रमात खुर्चीपेक्षा जाकिटाला मान. पिवळंधमक, एकच शिवलेलं. ते ज्याच्या अंगात, तो निवेदक. चार वर्षं ते माझ्या अंगात होतं. ढमीच्या, म्हणजे माझ्या लेकीच्या, जन्माच्या वेळी मी सुट्टीवर गेले आणि साहेबांनी ते माझ्या जागी आलेल्या मुलीच्या मापाने आत घ्यायला लावलं. मुलगी कसली, काडेपेटीतली काडी!

मी परत आले तर साहेब म्हणाले, "आज तुम्ही करा, उद्या ती करेल. मग बघू कोणाला ठेवायचं."

मेकअपच्या खोलीत जाकीट चढवायला घेतलं तर ते खांद्यावरच अडलं. कपडे सांभाळणाऱ्या शिंपीमास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं.

"ताई, लेकरू नक्की बाहेर आलंय ना?"

"मास्तर, विनोद नंतर. आत्ता हे बसवा."

"मग हात पुढे करा आणि श्वास सोडा."

कात्री कॉलरपासून थेट खालपर्यंत गेली. पाठीवर दार उघडलं. दोन भागांमध्ये इलॅस्टिकची पट्टी ताणून मास्तरांनी चिमटे लावले. एक कमी पडला, तेव्हा माझ्या पिशवीतला ढमीच्या लाळेऱ्याचा चिमटा कामी आला. बदकाचा.

"समोरून झकास," मास्तर म्हणाले. "टीव्हीवरचे निम्मे लोक पाठीमागे असेच असतात. फक्त वळू नका."

वळायचं कशाला? बसायचं, बोलायचं, हसायचं. माझा जीव भलतीकडेच टांगलेला होता. ढमी सकाळी दोनदा शिंकली होती आणि दुसरी शिंक पहिलीपेक्षा ओली होती. मी घरी पुन्हा फोन लावला.

"अगं, शिंक आहे ती, भूकंप नाही," सासूबाई म्हणाल्या. "जा तू टीव्हीत. आम्ही दोघी बघतोय."

पाहुणे कोण, ते सेटवर गेल्यावर कळलं. पाठदुखीचे डॉक्टर.

माणूस भला, पण उत्साही. "बसून बसून कणा कसा वाकतो, ते प्रेक्षकांना दाखवू. ताई, उभ्या राहा. हां, आता वळा."

"वळू नकोस!" कानातल्या बटणातून निर्माती किंचाळली. "काही झालं तरी वळू नकोस!"

"डॉक्टर, तुमच्याच पाठीवर दाखवा ना," मी दात दाखवत म्हटलं.

"माझी मला दिसत नाही हो. लाजता काय? पाठ सगळ्यांनाच असते."

मी भिंतीला पाठ लावून खेकड्यासारखी सरकू लागले. डॉक्टर मागोमाग. पण ती सेटची भिंत, संपायचीच. डॉक्टर वळसा घालून माझ्या मागे आले, आणि पाहुणा जाईल तिकडे जायची सवय असलेला कॅमेराही आला.

"हे... बदक आहे का?"

"हो. ते मुलीचं. बाकीचे चिमटे चॅनलचे."

मी खुर्चीत जाऊन बसले आणि उरलेला कार्यक्रम केला.

बाहेर आल्या आल्या सासूबाईंचा फोन. "ढमीने बदक ओळखलं गं! केवढी हसली! आणि नाक कोरडं आहे."

साहेब फक्त एवढंच म्हणाले, "उद्या ती."

घरी जाऊन मी रडले नाही. ढमीचं झबलं ओलं झालं ते कशाने, हे सांगायची गरज नाही.

दुसऱ्या दिवशी ढमीला मांडीवर घेऊन मी टीव्हीसमोर बसले. काडी हसत होती, जाकीट चमकत होतं. मास्तरांनी फाटकी पाठ आवळून चिमटे मारले असणार. आजचा पाहुणा आचारी होता. ती सूप चाखायला पुढे वाकली आणि टण्ण! एक चिमटा उडाला तो थेट आचाऱ्याच्या सुपात. जाकीट खांद्यावरून घसरलं. बिचारी सावरते सावरते तोवर जाहिराती लागल्या.

"वाईट झालं," मी म्हणाले.

"मग दात का काढतेस?" सासूबाई म्हणाल्या.

दुपारी मास्तरांचा फोन आला. "ताई, नवं जाकीट शिवायचं ठरलंय."

"कोणाच्या मापाचं?"

"म्हणून तर फोन केला. साहेब म्हणाले, बदकवालीने निदान पाहुण्याच्या ताटात तरी काही पाडलं नाही. सांगा माप. आणि ऐका, आता बारीक झालात तर माझ्याशी गाठ आहे."

ढमीला खाली ठेवलं असतं तर ती गार फरशीवर शिंकली असती. म्हणून तिला पोटाशी धरूनच मी फीत गुंडाळली आणि दोघींचं मिळून माप सांगितलं. सैल असलेलं बरं.