हाबतोमच्या चुका

हाबतोम इरिट्रियाहून आलेला. आमच्या नॉर्वेतल्या बंदरावरच्या जुन्या सामानाच्या दुकानात त्याला सरकारी कचेरीनं धाडलं, नॉर्वेजियन शिकायला. व्यवहार सरळ होता: त्यानं फुकट राबायचं, आम्ही बदल्यात भाषा द्यायची. उन्हाळ्याआधी तोंडी परीक्षा. तीत तो पास झाला नाही, तर कायमचं राहण्याचा परवाना विसरा.

त्यानं आपला माल पुरा दिला. आम्ही मात्र मापात मारलं.

दुकान चालवते ऑडनी. स्वभावानं लोणी, कुणाला उणा शब्द म्हणून नाही. तिनं त्याला तळघरात बसवलं, दानात आलेली खोकी निवडायला. खिडकी नाही. कॉफीला वर यायचा, तर टेबलाभोवती आम्ही सगळे आपापल्या कपात बघत बसलेलो. गप्प बसण्यालाच आम्ही उत्तरेकडचे सभ्यपणा म्हणतो. कुणी चुकून बोललंच, तर त्याच्या सोयीसाठी इंग्रजीत.

"मला वर गल्ल्यावर बसव ना," तो एकदा ऑडनीला म्हणाला. "तिथं माणसं बोलतात."

"अरे, तुझ्याइतकं नीट कोण निवडतं? तू खाली आहेस म्हणून तर मी निर्धास्त!" हेही इंग्रजीतच.

जितकं काम चोख, तितका तो खाली पक्का.

फेब्रुवारीत मात्र चुका सुरू झाल्या. स्कीचे बूट कपबशांत, नाताळचे तारे ईस्टरच्या शोभेच्या कोंबड्यांत. ऑडनी निमूट सगळं जागेवर लावी. माझ्या जिभेला तेवढा धीर नाही, आणि रागात इंग्रजी सुचत नाही. मी जिना उतरले.

"डोळे फुटले का तुझे? हा बूट डावा, हाही डावाच! एका पायाचं गिऱ्हाईक आणू कुठून?"

त्याचा चेहरा उजळला. "रागनफ्रिद, पुन्हा सांग. जरा हळू."

सांगितलं.

"एका पायाचं काय आणू?"

"गिऱ्हाईक, गाढवा!"

"गाढवा म्हणजे?"

मग माझी ट्यूब पेटली. "मेल्या, मुद्दाम करतोस?"

"नाहीतर खाली कोण येतं?"

झालं, रोजचा रतीबच लागला. त्यानं घोळ घालायचा, मी उतरून झाडायचं. पण घोळ ऑडनीलाही दिसत होते. तिनं मायेपोटी कचेरीला कळवलं: गडी अजून कच्चा आहे, परीक्षा पुढे ढकला, आणखी काही महिने इथंच राहू दे. आणि गोड हसून त्याला तसं सांगितलंही.

हाबतोम गिऱ्हाइकांदेखत उसळला. नॉर्वेजियनमध्ये. "मी कच्चा? तुझे डोळे फुटले का? खाली मी काय भिंतीशी बोलू? परीक्षा माझी आहे, तू कोण ढकलणार?" निम्मी वाक्यं माझीच होती.

ऑडनी मात्र हरखून गेली. "अगंबाई, किती छान बोलतोस रे! आत्ताच कळवते त्यांना, परीक्षा ठरल्या दिवशीच होऊ दे. बघ, खाली बसून किती शिकलास!" मग जिन्याकडे हात केला. "जा आता, नवी खोकी आलीयत."

तो हलला नाही. गल्ल्यामागचं स्टूल ओढलं आणि बसला. ऑडनीनं माझ्याकडे पाहिलं. ऊठ म्हणणारं तोंड दुकानात एकच होतं, माझं. मी कपबशा पुसत राहिले.

एक म्हातारा टेबलावरचा दिवा घेऊन पुढे आला. "हा चालतो का?"

"लावून बघू," हाबतोम म्हणाला.