तिरका स्क्रू

आता ऐका, हे सगळं घडलं ते चाळीस मिनिटांत, आणि तेही दुर्बीण धुवायला गेली होती म्हणून.

मॅडम युरोलॉजीच्या सर्जन. म्हणजे किडनीपासून खाली लघवीच्या वाटेवर जे जे बिघडतं ते सगळं त्यांच्या गळ्यात. त्यांची आई नातेवाइकांत नुसतं 'सर्जन आहे' एवढंच सांगायची आणि कुणी पुढं विचारायच्या आत पाण्याचा पेला हातात द्यायची. एकेकाळी हॉस्पिटलात तीन सर्जन होते. एकाने स्वतःचं हॉस्पिटल थाटलं, दुसरा परदेशी गेला, त्यांच्या खुर्च्यांवर आता फायली बसतात. आणि आत येणारा प्रत्येक म्हातारा पेशंट मॅडमच्या खांद्यावरून मागं बघत विचारतो, "डॉक्टर कधी येणार?"

"आलेत," मॅडम म्हणतात. "बसा."

मुतखडे काढायच्या दुर्बिणी दोन. त्यातली एक चार महिन्यांपासून दुरुस्तीला, म्हणजे असून नसल्यासारखी. राहिली एक. एक पेशंट झाला की ती धुवून निर्जंतुक होऊन यायला चाळीस मिनिटं, तोवर पुढचा पेशंट गाऊन घालून कुडकुडत बसणार आणि मॅडम एक्स-रेपासून वाचवणारा शिशाचा जड एप्रन उतरवून मान चोळत बसणार.

"मॅडम, जरा पाठ टेका," ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर म्हणाल्या. दोघींची बारा वर्षांची सोबत, त्यामुळे सिस्टर मॅडमचंही ऐकत नाहीत.

"टेकली तर उठणार नाही मी."

असं म्हणून त्यांनी स्टुलावर बसून कॉम्प्युटर उघडला. जर्नलच्या संपादकाचं तिसरं स्मरणपत्र आलं होतं. जर्नल म्हणजे त्यांच्या विषयाचं मासिक, त्यात डॉक्टरच लिहितात, आणि छापायच्या आधी दुसरे डॉक्टर ते तपासतात. लिहिणाऱ्याचं नाव तपासणाऱ्याला कळत नाही, तपासणाऱ्याचं लिहिणाऱ्याला नाही. मॅडम दहा वर्षं हे काम फुकट करत होत्या. त्यांचा कॉम्प्युटर उभा होता तोच मुळी त्या जर्नलच्या आठ जुन्या अंकांवर, मानेला बरोबर उंची यायची.

"एवढं छापतात, पण वाचतं कोण हो?" सिस्टरनी विचारलं.

"आम्हीच. आम्हीच लिहितो, आम्हीच तपासतो, आणि बढतीच्या वेळी किती छापून आले ते आम्हीच मोजतो."

"म्हणजे घरचंच कार्य."

मॅडम हसल्या नाहीत. एकतर दमल्या होत्या, आणि शुक्रवारी विभागप्रमुखाच्या जागेसाठी त्यांचीच मुलाखत होती. सहा वर्षं वाट बघितली होती. ती जागा मिळाली तर निदान दुसरा सर्जन मागायचा अधिकार तरी येणार होता.

लेख दोन पानांचा. विसरलेला स्टेंट. स्टेंट म्हणजे किडनीपासून मूत्राशयापर्यंत घातलेली प्लास्टिकची बारीक नळी. खडा काढल्यावर सूज उतरेपर्यंत ठेवतात आणि महिना-दीड महिन्यात काढून टाकतात. काढली नाही तर तिच्यावरच खडा चढतो. या पेशंटच्या पोटात ती पाच वर्षं राहिली होती, खालच्या टोकाला लिंबाएवढा खडा, आणि किडनी जवळजवळ कामातून गेलेली. खाली लिहिलं होतं, 'आधीच्या सर्जनने पेशंटला नळीबद्दल काहीही सांगितले नव्हते.'

"कोण असतात ही माणसं," मॅडम पुटपुटल्या आणि एक्स-रे मोठा करून बघितला.

कंबरेच्या हाडात चार स्क्रू. तीन सरळ, एक तिरका.

मॅडमचा हात मानेवरून खाली आला. हा तर तो रंगारी. परांचीवरून पडून कंबरेचं हाड मोडलेला, नंतर मुतखड्यासाठी आलेला. ऑपरेशनच्या आधी एक्स-रे दाखवून म्हणाला होता, "तीन स्क्रू बायकोसारखे सरळ आहेत बघा, चौथा माझ्यावर गेलाय." नळी मॅडमनीच घातली होती.

पहिल्यांदा त्यांना रागच आला. सांगितलं होतं की! स्वतः सांगितलं होतं. मग आठवलं कधी ते. तो टेबलवरून स्ट्रेचरवर जात होता, भूल अर्धी उतरलेली, डोळे तरंगताहेत, दाराशी पुढचा पेशंट उभा. मॅडम कानाशी वाकून म्हणाल्या, "नळी ठेवलीय, सहा आठवड्यांनी काढायला या." आणि तो म्हणाला होता, "हो हो डॉक्टर." घरी जाताना मिळालेल्या कागदावर नळीचा उल्लेख होता, पण इंग्रजी आद्याक्षरांत. कागद लिहिणाऱ्याखेरीज कुणाला ती कळली असती तर शपथ.

पडद्यावर तीन चौकोन होते: स्वीकारा, सुधारा, नाकारा. मॅडमनी 'नाकारा'वर टिचकी मारली आणि कारण लिहिलं, 'यात नवीन काही नाही.' आणि ते खोटंही नव्हतं, असे लेख शंभर छापून आलेत, दोन-तीन तर कॉम्प्युटरखालच्या अंकांतच असतील. पाठवलं की संपलं, कुणाला कधी कळलं नसतं.

त्यांनी पाठवलं नाही.

"सिस्टर, आपलं स्टेंटचं जुनं रजिस्टर आहे का?"

सिस्टरनी कपाटाच्या तळातून ते काढलं. पेशंटचं नाव, फोन नंबर, नळी घातल्याची तारीख, काढल्याची तारीख. पाच वर्षांपूर्वी दोन्ही सर्जन एकाच महिन्यात हॉस्पिटल सोडून गेले होते आणि सिस्टरची काही महिने दुसऱ्या वॉर्डात बदली झाली होती. घातल्याच्या तारखा भरलेल्या. शेजारचे चौदा रकाने कोरे.

"काढली असेल त्यांनी दुसरीकडे," सिस्टर म्हणाल्या.

"असेल."

"मॅडम, शुक्रवार तोंडावर आहे. आत्ताच कशाला उकरायचं?"

"या रंगाऱ्याला नळी घातली तो पण शुक्रवारच होता सिस्टर, इथं लिहिलंय बघा."

मॅडमनी आधीचं सगळं पुसलं आणि संपादकाला लिहिलं. 'हा लेख मी तपासू शकत नाही. आधीची सर्जन मीच. पण छापा. फक्त एक दुरुस्ती करा. पेशंटला सांगितलं होतं, पण भूल उतरत असताना. आम्ही सगळे तेव्हाच सांगतो, कारण दुसरा वेळच नसतो, आणि सगळे पेशंट हो म्हणतात. विसरलेल्या स्टेंटवर शंभर लेख छापून आलेत, त्यांत हे मला सापडलं नाही.' खाली पूर्ण नाव घातलं, आणि तेच पत्र हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांनाही पाठवलं. शुक्रवारचं काय ते साहेब बघतील.

दुर्बीण यायला दहा मिनिटं होती. मॅडमनी कोऱ्या रकान्यांतल्या पेशंटना फोन लावायला घेतले. पहिला नंबर बंद. दुसऱ्या नंबरवरच्या बाईंनी नळी दुसऱ्या हॉस्पिटलात काढून घेतली होती. सिस्टरनी तारीख विचारून रकाना भरला. तिसरा एका काकांनी उचलला.

"काका, पाच वर्षांपूर्वी तुमचा मुतखडा काढला होता ना, तेव्हा आत एक नळी ठेवली होती. ती नंतर कुणी काढली का?"

"हो हो डॉक्टर."

मॅडमनी डोळे मिटले. "कुणी काढली?"

"हो हो."

"काका, मी आत्ता काय म्हणाले ते मला सांगा बरं."

"तुम्ही... तब्येत विचारलीत."

दारात वॉर्डबॉय दुर्बीण घेऊन उभा राहिला. सिस्टरनी त्याला हातानेच थांबवलं आणि मॅडमच्या पाठीमागं खुर्ची सरकवली. मॅडम पहिल्यांदाच पाठ टेकून बसल्या.

"नाही काका," त्या म्हणाल्या. "पुन्हा सांगते. सावकाश सांगते."